साडूचं काज-मशीन

नाही हो, हात नका उचलू अजून — सैल सोडा, अगदी सैल — हां, असे, आणि आता हलायचं नाही वकीलसाहेब, अख्खी बाही नुसत्या टाचण्यांवर उभी आहे, एक शिंक दिलीत तरी सकाळपासूनची मेहनत पाण्यात. तर काय म्हणत होतो मी — हुकूमनामा. लागला हो निकाल. कापडवाल्याने खेचलं मला कोर्टात आणि जिंकलाही. आता तुम्ही विचारता, पुढे काय? अहो, तेच तर मी तुम्हाला विचारतोय! म्हणजे आपलं सहज, कोट अंगावर आहे तोवर. याची फी-बी लावू नका हं, तुम्ही माझ्या दुकानात ट्रायलला आलाय, मी तुमच्या ऑफिसात आलेलो नाही. — मान सरळ. — महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर तो जप्ती आणणार. दुकानात आहे काय जप्त करायला? दोन शिलाई मशिनी, एक इस्त्री, हा आरसा आणि मी. म्हणजे तो घरावर जाणार. घर माझ्या नावावर आहे, चार खोल्या, हप्ते फेडता फेडता डोक्याचे केस गेले तेव्हा कुठे आमचं म्हणायला झालं. आमची ही म्हणते, दिवाळखोरीचा अर्ज करा आणि मोकळे व्हा. अर्ज केला की जप्ती थांबते, राहतं घर जात नाही, पोटापाण्याची हत्यारं जात नाहीत. आता हे तिला सांगितलं कोणी? तिच्या धाकट्या बहिणीने. आणि बहिणीला कोणी शिकवलं? तुम्ही! गेल्या वर्षी माझ्या साडूचं दिवाळं तुम्हीच नाही का काढून दिलंत?

नाही नाही, माझं काही म्हणणं नाही त्यावर. माणूस बुडत होता, तुम्ही हात दिलात, चांगलं केलंत. मी फक्त म्हणतो की बुडालेल्या माणसाने जरा बुडाल्यासारखं दिसावं की नाही? — श्वास आत ओढू नका, उगाच पोट लपवून कोट शिवून घेतलात तर नंतर बटण लागणार नाही आणि नाव माझं खराब. — माझ्यासमोरच दुकान होतं त्याचं, ते बघा, तिथे आता चपलांचं झालंय. शटर खाली आलं, कोर्टाच्या फळ्यावर नोटीस लागली — मी वाचली की, मुद्दाम वाकडी वाट करून गेलो होतो वाचायला, आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो, म्हटलं पावसाने फाटली-बिटली तर नसेल. मला वाटलं आता हा तोंड लपवून हिंडणार, गल्लीत येणार नाही, सासऱ्यांकडे जेवायला बसलो की खाली मान घालणार. कसलं काय! त्या मोठ्या काचेच्या दुकानात कटर म्हणून लागला पगारावर. सहा वाजले की घरी. बायकोला घेऊन फिरायला जातो. काय तर म्हणे झोप छान लागते! आणि सासरेबुवा म्हणतात, पठ्ठ्याने सगळ्यांसमोर कबूल केलं, काही लपवलं नाही, याला म्हणतात मर्द. वीस वर्षं मी दुकान चालवतोय, मला कधी कोणी मर्द म्हटलं नाही. मी सणसणीत तोट्यात असतानासुद्धा हसत जेवलोय त्यांच्याकडे, ते काय सोपं होतं?

आणि ऐका, मागच्या महिन्यात माझी मेहुणी आली दुकानात. हातात पिशवी. पिशवीत त्याच्या चार पँटी. काय तर म्हणे, भावोजी, कंबर जरा सैल करून द्या ना, यांना हल्ली घट्ट होतात. मी उसवल्या, करून दिल्या, नात्यातलं काम म्हणून पैसेही घेतले नाहीत. दिवाळं निघालेल्या माणसाची कंबर वाढते, आणि हा माझा पट्टा बघा — इथे — हे भोक मी स्वतः पाडलंय, सुईने. तुम्हीच सांगा, ही कुठली रीत?

बरं, उजवा हात. हं. खांदा कसा बसलाय बघा, पाण्यासारखा. हे काम त्याला आयुष्यात जमलं नाही. आम्ही दोघं एकाच मास्तरांच्या हाताखाली तयार झालो, तुम्हाला माहीत नसेल — आधी मास्तरांकडे एकत्र, मग एकाच घरचे जावई, सगळीकडे हा माझ्या शेजारी उभा आहेच. तर मास्तर म्हणायचे, खांदा याचा आणि काज त्याचं. पण खरं सांगू का, गिऱ्हाइकाला खांदा कुठे कळतो? खांदा चांगला असला की तो दिसतच नाही, माणूसच रुबाबदार वाटतो. काज दिसतं. बटणाभोवतीचं ते एवढंसं भोक, रेशमी दोऱ्याने भरलेलं, चार जण वाकून बघतात आणि म्हणतात वा वा. तुमचा हा जुना कोट — खुंटीवरचा — आल्या आल्या ओळखलं मी, काजं त्याच्या हातची आहेत. पण नवा कोट म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडेच आलात ना! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. म्हटलं, स्वतःच्या पक्षकाराला सोडून आले, म्हणजे पारख आहे माणसाला…

काय?

त्याने पाठवलं? तो म्हणाला? काय म्हणाला — नेमकं काय म्हणाला? "खांदा त्यांच्यासारखा कोणी बसवत नाही." हं. असं म्हणाला. — हे बघा, हेच. हेच मला खपत नाही त्याचं. म्हणजे आता मी याचे उपकार मानायचे. मी त्याच्याविषयी गल्लीभर सांगत फिरलो की दिवाळखोर आहे, पैसे सांभाळून द्या, आणि हा माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवतो. चांगुलपणाने माणसाचा जीव घ्यायचा म्हणजे किती घ्यायचा! — टोचलं का? माफ करा. टाचणी जरा आत गेली. रक्त नाही ना? नाही, कापडाला नको म्हणून विचारलं.

तर अर्जाचं. मी दोन्ही बाजूंनी विचार केलाय, अगदी कापड बेतावं तसा. अर्ज नाही केला तर काय? कापडवाला घर जप्त करणार, विकणार, उरलंसुरलं माझ्या हातावर ठेवणार. भाड्याच्या खोलीत जाऊ. कोणी फळ्यावर नाव वाचणार नाही. अर्ज केला तर काय? घर राहील, दुकानातल्या मशिनी राहतील, कापडवाल्याला जे मिळेल ते मिळेल आणि बाकीचं कर्ज पुसलं जाईल. पण मग काही वर्षं उधार कापड कोणी देणार नाही, रोखीने धंदा. तुम्ही म्हणता, ठीक आहे की, रोखीने करा. बरोबर आहे. तुम्ही म्हणता, कर्ज तुमच्या मिळकतीच्या कितीतरी पुढे गेलंय, व्याज चढतंय, हुकूमनामा झालाय, तेव्हा तुमच्यासारख्या माणसाने अर्ज करण्यातच शहाणपण आहे. मला कळतं हो. मी काही दुधखुळा नाही. आकडे मला पाठ आहेत. पण म्हणजे मी काय झालो? दुसरा. हिच्या माहेरी एक दिवाळखोर जावई होता, आता दोन. आणि तो पहिला! तिथेही तो पहिला! उद्या सासरेबुवा मला म्हणतील, शिका जरा धाकट्या जावयाकडून, दिवाळं काढावं कसं. आणि हा माझ्या पाठीवर हात ठेवणार — ठेवणारच, मी ओळखून आहे — आणि म्हणणार, काही काळजी करू नका, सुरुवातीला वाटतं तसं, मग झोप छान लागते.

आणि दुसरं एक… वळा जरा. पाठ बघू द्या. पाठ असली की बोलायला बरं पडतं.

समजा. आपलं समजा म्हणून. अर्जात सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते ना? सगळी म्हणजे? एखादी वस्तू… वापरात नाही, कोपऱ्यात पडून आहे, चादरीखाली. ती नाही लिहिली तर चालेल? नाही? बरं, एखाद्या मित्राकडे ठेवली चार महिने? — ओरडू नका हो, मी फक्त विचारतोय! गुन्हा आहे, माहीत आहे मला. बरं, ती हत्यार म्हणून राहू शकते का? पोटापाण्याचं हत्यार? रोज चालत असेल तर राहील. चालत नाही ना. मी तिला हात लावलेला नाही. तेलसुद्धा घातलं नाही. धागा ओवलेला नाही.

काय वस्तू म्हणजे… मशीन आहे. काजाचं मशीन.

हो. तेच. त्याचंच. त्या पडद्यामागे आहे.

अहो, लिलावात होतं, मी घेतलं, यात वाईट काय? कोर्टाचा लिलाव, कोणीही बोली लावावी. तुम्हीच तर होतात तिथे, भिंतीला टेकून, त्याचे वकील म्हणून. मला पाहिलं नाहीत? मी मागे होतो, खांबाच्या आड. बोली माझ्यासाठी त्या जुन्या मशिनींच्या दलालाने लावली, मी त्याला मागून बोटाने खुणा करत होतो. मला मशीन हवं होतं असं नाही हो. माझ्याकडे काजं लागतातच किती! मला… म्हणजे असं बघा. तो हाताने एवढी सुंदर काजं करायचा, मग त्याने ते मशीन आणलं, तर त्या मशीनवरही त्याचा हात बसला. लोक लांबून यायचे. दुसरे शिंपीसुद्धा काजं करून घ्यायला त्याच्याकडे कपडे पाठवायचे — मीही पाठवायचो, वेळ आली की. शटरखालून तो ठकठक आवाज या दुकानापर्यंत यायचा. दिवसभर. तर मी म्हटलं, हे मशीन आता माझ्याकडे राहील. आणि एक दिवस त्याला काजं हवी होतील, मग तो येईल, इथे, या पायरीवर उभा राहील, आणि मला विचारेल, देता का जरा करून? बस. एवढंच ऐकायचं होतं. एकदा.

नाही आला. हाताने करतो म्हणे अजून. त्या काचेच्या दुकानात त्याच्यासाठी खास खिडकीजवळ खुर्ची ठेवलीय, लोक रस्त्यात उभे राहून बघतात.

पैसे कुठून आणले? … आता कॉलरकडे बघू. — कापडवाल्याकडूनच. हो हो, तेच हे कर्ज. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आलीय म्हणून सांगितलं त्याला. कोर्टात तुमच्या त्या जज्जसाहेबांनाही तेच सांगितलं, ऑर्डर बुडाली म्हणून. हिलाही तेच. कसली ऑर्डर नि काय! काही ऑर्डर नव्हती. असे बघू नका माझ्याकडे, आरशात दिसतंय मला. मला काय हौस होती एवढं कर्ज काढायची? मशीन काय नवं होतं? भंगाराहून थोडं वर, एवढीच किंमत. माझ्या गल्ल्यातल्या पैशांत आलं असतं. पण तो दुसरा! तो एक बुटका माणूस होता पहिल्या रांगेत, रेनकोट घातलेला, आठवतो का? टोपी मांडीवर. मी बोट वर केलं की तो पुढे बोलायचा. पुन्हा मी, पुन्हा तो. बाकीचे सगळे गप्प बसले, आम्ही दोघंच. शिंपी तर वाटत नव्हता, मशीनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, मला कळेना याला एवढं कशाला हवंय. आणि जसजशी किंमत चढत गेली तसतसं मला वाटायला लागलं, हा त्याचाच माणूस असणार. साडूने कुठूनतरी पैसे जमवून याला बसवलाय, मशीन परत घरी न्यायला. मग तर मी हट्टालाच पेटलो. दलाल मागे वळून मला खुणावतोय, पुरे, पुरे, आणि माझं बोट आपलं वर. जिंकलो मी. दसपट किमतीला, पण जिंकलो. तो बुटका उठला, टोपी घातली, डोळे पुसले त्याने — आईशप्पथ, डोळे पुसले — आणि गेला. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

म्हणून म्हणतो. अर्ज केला की मशीन पुन्हा लिलावात. आता त्याच्याकडे पगार आहे, गाठीला चार पैसे आहेत, डोक्यावर कर्ज नाही. भंगाराच्या भावात घेऊन जाईल हसत हसत. ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा मी काय करतो, घराच्या मागच्या दोन खोल्या विकतो, कापडवाल्याच्या तोंडावर पैसे फेकतो, मशीन राहतं माझ्याकडे. — वेडेपणा? असू दे वेडेपणा. हिला सांगू काहीतरी. ती काय, ती शाळेतल्या ग्रंथालयात पुस्तकं लावते दिवसभर, संध्याकाळी डबा घेऊन इथे येते, बाहेरच बसते, पडद्याआड कधी डोकावलीसुद्धा नाही. भोळी आहे. मी सांगेन ते तिला पटतं.

तुम्ही एकदम आरशातून नजर का वळवलीत?

काय झालं? टोचतंय का? … मग? त्या बुटक्या माणसाचं नाव काढल्यापासून तुमचं तोंड असं झालंय. ओळखता तुम्ही त्याला. ओळखता! म्हणजे साडूचाच होता ना? मी म्हणतच होतो! बघा, बरोबर ओळखलं की नाही मी? … साडूचा नाही? साडूला माहीतही नव्हतं? मग कोणाचा? सांगा हो, नाहीतरी अर्ज केला की त्या लिलावाची चौकशी होणारच, तुम्हीच म्हणालात, एकेक गोष्ट विचारतात. तेव्हा कळेलच मला. आत्ता सांगा.

शाळेचा शिपाई? कुठल्या शाळेचा?

हिच्या?

थांबा. हिच्या शाळेचा शिपाई काजाचं मशीन कशाला घेईल… मी कसा ओळखणार त्याला, मी कधी गेलोच नाही तिच्या शाळेत… ती आली होती? तुमच्याकडे? लिलावाच्या आधी? काय विचारायला? — नातेवाईक बोली लावू शकतो का. मग तुम्ही काय सांगितलंत? — स्वतःच्या पैशाने लावू शकतो. — स्वतःच्या पैशाने. तिचे कुठले स्वतःचे पैसे, पगार तर सगळा घरात… बांगड्या. बांगड्या मोडल्या तिने? बहिणीच्या घरी मशीन परत जावं म्हणून? बोली हरल्यावर पुन्हा घडवल्या म्हणे? मला तर दिसल्या नाहीत हो, हातात नव्हत्या तेव्हा मला दिसलंच नाही.

म्हणजे ती बोली वाढवत होती आणि मी. आम्हीच. दुसरं कोणी नव्हतंच. मी बोट वर करत होतो तेव्हा ती तिकडे शाळेत पुस्तकं लावत होती, आणि हे सगळं कर्ज… गप्प बसा हो तुम्ही, आता काही समजावू नका. एक सांगा फक्त. मशीन कोणी घेतलं ते तिला कळलं का?

कधी?

त्याच दिवशी. शिपायाने दलालाला विचारलं. त्याच दिवशी कळलं, आणि रात्री मला वाढलं तिने. मी दुसऱ्यांदा भात मागितला तर वाढला. वर्षभर डबा घेऊन येतेय. तिथे, त्या स्टुलावर बसते, पडद्याकडे तोंड करून. मी तिला गणवेशाच्या ऑर्डरबद्दल सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, होईल सगळं नीट, तुम्ही जेवा आधी. साडूला सांगितलं तिने? बहिणीला? … कोणालाच नाही. तुमच्याशिवाय कोणालाच सांगितलं नाही. माझी लाज राखली म्हणे.

कशाला राखली? भांडायचं होतं. ओरडायचं होतं माझ्यावर. मी काय तिला…

उतरवा तो कोट. आता नाही होणार माझ्याच्याने. तुमच्या त्या पिशवीतून कोरा अर्ज डोकावतोय, मघापासून दिसतोय मला. द्या इकडे. मालमत्ता-बिलमत्ता मला विचारू नका, काय काय आहे आमच्याकडे ते तिला विचारून भरा, तिला सगळं माहीत असतं. मला सही कुठे करायची तेवढं दाखवा, आणि जा तुम्ही. ती यायची वेळ झालीय.